वावधनाले पाण्याचा गिलास

सुमे, सरक अशी जवळ अन् कान दे! अमरावतीहून अकोला काय लंकेत आहे, की मावशीच्या घरची गोष्ट भाचीले शेजाऱ्याकडून कळावी? तर ऐक. आमच्या विहीणबाईनं वाऱ्याले पाणी विचारलं. ट्रेमध्ये.

सुनेची आई पुण्याहून आलेली. (माणूस सोनं, पण आपण बोललो की शुद्धलेखन तपासते!) गच्चीवर वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या, राखणीले विहीणबाई. मी खाली अंगणात. पाहते त काय, रस्त्याच्या टोकाले आभाळापर्यंत धूळ! माझे गुडघे काही जिना चढत नाहीत. खालूनच बोंबलली,

"विहीणबाई, वावधन आलं! धावा!"

"बावधनचे आले? न कळवता?"

त्याईची नणंद पुण्यात बावधनले राहते, हे मले कुठं माहीत! मी आणखी जोरात, "हो हो, दारातच आलं! जल्दी करा!"

बाईनं कुरडया सोडल्या, खाली उतरल्या, केसांवर फणी फिरवली, ट्रेमध्ये गिलास मांडले अन् हसत दार उघडलं, "या, या, वन्सं!"

वन्सं आल्या! पहिले कॅलेंडर नेलं, मग ट्रे! वर कुरडयाईले त पंखच फुटले. साऱ्या जठारपेठेत! एक म्हणे सलूनच्या खुर्चीत जाऊन बसली!

धूळ बसली. विहीणबाई डोळे चोळत कडाडल्या, "ताई, वादळ म्हणायचं! वावधन असा शब्दच नाही मराठीत."

कुरडया गेल्या त गेल्या, पण माझ्या मायचा शब्दही उडवून राहिली बाई! म्हटलं, "काहून नाही? वाव म्हणजे वारा! पतंगाले वावडी उगाच म्हणत का? अन् आमचा वाव खोटा, त तुमची वावटळ कोणाची लेक?"

बाईनं मोबाईलवर शब्दकोश उघडला. चष्मा वर, चष्मा खाली. मग हळूच, "आहे हो, ताई. चुकलं माझं."

सुमे, पुण्याच्या माणसानं "चुकलं" म्हटलं! गल्लीत साखर वाटायची बाकी ठेवली मी! संध्याकाळी त्याच बाई नणंदेले फोनवर, "अगं, इथं काय वावधन सुटलं म्हणून सांगू!"

पण पुण्याले परत निघताना गाडीत बसता बसता विचारलंच, "वाव कळला, ताई. मग धन म्हणजे?"

मी ऐटीत म्हटलं, "ते पुढच्या खेपेले!" आता येत्या सोमवारी त्या पुन्हा येऊन राहिल्या. तू रविवारीच ये व माय, अन् येतायेता ते धन कोणाले तरी विचारून ये. मले माहीत असतं, त मी त्या दिवशी गप बसली असती का!