बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत

मुलीच्या खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सव्वापाच वर्षांची होती. ऑपरेशननंतर तिला छातीच्या खालपासून दोन्ही घोट्यांपर्यंत प्लास्टर घातलं. पाय फाकलेले, आणि गुडघ्यांच्या मधे प्लास्टरमध्येच बसवलेली एक आडवी दांडी. असं बारा आठवडे राहायचं होतं. डॉक्टर वेल्लोरचे, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी चेन्नईहून तिथे तपासणीला जायचं. जायला तीन तास, यायला तीन, कधी चार.

पहिल्यांदा तिला घरी आणलं तो प्रवास मी विसरू शकत नाही. मागच्या सीटवर उशा रचून तिला तिरकी निजवली होती आणि दोन पट्ट्यांनी बांधली होती. तिथून तिला फक्त गाडीचं छत दिसत होतं. पहिली वीस मिनिटं ती छताशी बोलली, मग रडायला लागली, आणि चेन्नईच्या वेशीवरचं पूनमल्ली येईपर्यंत तिचा आवाज बसला होता. बायकोने फोन दिला तर निजल्या निजल्या तिचे हात दुखायचे, फोन तोंडावर पडायचा, आणि मधल्या पट्ट्यात नेटवर्क गेलं की चित्र अडकायचं. मी पुढे बघून गाडी चालवत होतो. मागे वळून बघता येत नव्हतं. रडणं अचानक थांबलं की मला जास्त भीती वाटायची.

मी चेन्नईतल्या सिरुसेरीला सॉफ्टवेअरचं काम करतो. सांगलीहून इथे येऊन अकरा वर्षं झाली. त्या आठवड्यात मी ठरवलं, की गाडीतच एक यंत्रणा बसवायची. डब्याएवढा छोटा कॉम्प्युटर ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली ठेवायचा. त्यात तिची कार्टून्स, गाणी, माझ्या बहिणीने सांगलीहून रेकॉर्ड करून पाठवलेल्या गोष्टी भरायच्या, म्हणजे नेटवर्कची गरजच नाही. एक टॅब्लेट तिच्या चेहऱ्यासमोर लोखंडी हातावर टांगायचा. दुसरा पुढे, बायकोसमोर, आणि मागे एक लहानसा कॅमेरा, म्हणजे मुलीचा चेहरा तिला सतत दिसत राहील. सगळ्यांना मी सांगितलं की हे मुलीच्या करमणुकीसाठी आहे. खरं तर तो कॅमेरा मला हवा होता. तिचं काय चाललंय ते कोणीतरी मला सांगत राहावं, एवढंच मला हवं होतं.

टॅब्लेट धरणारा हात मी गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात बनवून घेतला. मालकाने विचारलं, कशाला हवाय. मी फोनमधला मुलीचा फोटो दाखवला. तयार झालेला हात त्याने कामगाराकडून परत घेतला आणि त्याच्या सगळ्या कडा स्वतः कानस मारून गोल केल्या. तरीही घरी आणल्यावर मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं, की हा हात खड्ड्यात सुटतोय आणि टॅब्लेट तिच्या नाकावर पडतोय. म्हणून तिच्या जागी उशी ठेवली, हातावर पाण्याची भरलेली बाटली बांधली, आणि सकाळभर आमच्या कॉलनीतल्या गतिरोधकांवरून गाडी नेली. बाटली पडली नाही. मग उन्हाची काळजी लागली. बंद गाडीत टॅब्लेटची बॅटरी फुगते असं वाचलं होतं, म्हणून ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी उन्हात लावून आत थर्मामीटर ठेवला, आणि दर तासाला बघायला खाली जायला लागलो. शेवटी ठरलं, की टॅब्लेट दर वेळी काढून घरी न्यायचे.

एक अडचण राहिली. डॅशबोर्डच्या सॉकेटमधून वीज घेतली की गाडी सुरू करताना क्षणभर ती जायची आणि कॉम्प्युटर बंद पडायचा. तेव्हा थेट बॅटरीवरून वायर आणायचं ठरवलं. बॉनेटखालून, इंजिन आणि आपण बसतो ती जागा यांच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून, पायाखालच्या गालिच्याखालून सीटपर्यंत.

त्या शनिवारी सकाळी सासरे खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. बायकोचं घराणं तंजावरकडचं. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, मधेच तमिळचा हेल येणारं, आणि मला ते तमिळ पद्धतीने ‘माप्पिळ्ळै’ म्हणतात, म्हणजे जावई. रेल्वेच्या डबे बांधायच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म इलेक्ट्रिक फिटर म्हणून काढला होता.

“माप्पिळ्ळै, फ्यूज बॅटरीला चिकटून ठेवा,” ते म्हणाले. “एक वीत, त्याहून लांब नको. फ्यूज वायरीसाठी असतो, डब्यासाठी नव्हे.”

“हो,” मी म्हटलं.

“आणि भोकात वायरीला जाड नळी घाला. पत्रा कापतो.”

“हो अप्पा.”

ते जेवायला वर गेले. बॅटरीजवळ जागा अरुंद होती, हात आत जात नव्हता. फ्यूजचा तयार होल्डर मी सीटखाली, कॉम्प्युटरशेजारी आधीच स्क्रूने बसवला होता. तो सुंदर बसला होता. तो काढायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला कोणी सांगितलेलं आवडलं नव्हतं. फ्यूज आहे ना, मग इथे काय नि तिथे काय. नळी घरात नव्हती, तिच्या जागी मी काळी चिकटपट्टी चार वेढे गुंडाळली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “अप्पा विचारत होते, फ्यूज लावला का.”

“लावलाय,” मी म्हटलं.

यंत्रणेसकट पहिली फेरी फार छान झाली. मुलगी तीन तास गोष्टी ऐकत होती. बायको पडद्याकडे बघून मला सांगत होती, “आता हसतेय. आता जांभई दिली. डोळे मिटले, झोपली.” मी त्या दिवशी दोनदा तिला विचारलं की श्वास चालू आहे ना. ती चिडली नाही. तिने नीट बघून सांगितलं, चालू आहे.

दुसऱ्या फेरीला आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. श्रीपेरुंबुदूर मागे पडलं होतं. गाडीत रबर तापल्यासारखा बारीकसा वास आला. पुढे एक लॉरी होती, मला वाटलं तिच्या ब्रेकचा. मी काच खाली केली, लॉरी गेली, वास राहिला.

मागून मुलगी म्हणाली, “बाबा, पुगै.”

तिला शब्द आधी तमिळमध्ये सुचतात. पुगै म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, तरी ते डोक्यात पोचायला क्षण गेला. तोवर बायको म्हणाली, “धूर आहे. तुझ्या पायाशी.”

गालिच्याच्या कडेतून पांढरी रेघ वर येत होती. गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं, चावी काढली. धूर थांबला नाही. थांबणार कसा, वायर थेट बॅटरीवर होती, फ्यूज पार सीटखाली, आणि त्याच्या आधी वीज अडवणारं काही नव्हतं. ते मला त्या क्षणी, स्टिअरिंगवर हात असतानाच, लख्ख कळलं.

मुलीला गाडीतून बाहेर काढायला आम्ही दोघंही लागायचो. एकाने खांदे धरायचे, दुसऱ्याने दांडीला धक्का न लावता पाय तिरके करून दारातून काढायचे. सावकाश केलं तर पाच मिनिटं जात. बायको उतरून मागचं दार उघडत होती आणि मला हाक मारत होती. मी बॉनेटकडे धावलो. आधी वीज तोडली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. बॅटरीचा नट हाताने फिरेना. दहाचा पाना घरी, हत्यारांच्या पेटीत होता. मी वायर मुठीत धरून ओढली. तिचं वितळलेलं आवरण तळहाताला चिकटलं, पण ती तुटली नाही.

रस्त्याकडेला एक बाई शहाळी विकत होती. पन्नाशीची असेल. ती हातातल्या कोयत्यासकट धावत आली. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या दाराकडे बघितलं.

“कुळंदै मुदल्ल,” ती म्हणाली. आधी लेकरू.

आणि कोयता गाडीच्या पुढच्या कडेवर टाकून ती बायकोकडे गेली. मी तो कोयता उचलला. मूठ लाकडी होती. वायर बॅटरीच्या अगदी जवळ धरून दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला ठिणगी उडाली आणि वायर तुटली. मागे वळलो तेव्हा त्या दोघींनी मुलीला बाहेर काढलं होतं. त्या बाईने पाय असे धरले होते, जणू रोज तेच करत होती. धूर हळूहळू विरला. गालिचा वीतभर काळा झाला होता, आग लागली नव्हती.

मुलीला शहाळ्यांच्या ढिगाशेजारी पोत्यावर निजवलं. तिला नळीने शहाळ्याचं पाणी पाजत ती बाई तिच्याशी तमिळमध्ये बोलत बसली. मुलगी रडली नाही. तिची गोष्ट अर्धी राहिली म्हणून तेवढी कुरकुर केली. बायकोने डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली आणि मग वडिलांना फोन केला. माझ्याशी ती बोलली नाही. मी गाडीशी उभा होतो.

अप्पा दीड तासाने भाड्याची व्हॅन घेऊन आले. आधी नातीकडे गेले. तिच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग बॉनेटपाशी येऊन वाकले आणि वायर बोटांनी मागे मागे शोधत पत्र्याच्या भोकापर्यंत गेले. चिकटपट्टी सुटून मागे सरकली होती. पत्र्याने वायरीचं आवरण कापलं होतं.

बायको तिथे आली. “फ्यूज लावला होतास ना? मी विचारलं होतं.”

“लावला होता.”

“कुठे?”

“सीटखाली.”

ती अप्पांकडे बघायला लागली. मग मीच सांगितलं, की अप्पांनी बॅटरीजवळ लावायला सांगितला होता, नळी घालायला सांगितली होती, मी दोन्ही केलं नाही, आणि तू विचारलंस तेव्हा जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. “ती आत बांधलेली होती,” एवढंच म्हणाली आणि मुलीकडे परत गेली.

अप्पांनी माझा हात हातात घेतला, तळवा उघडून बघितला आणि बाटलीतलं पाणी त्यावर बराच वेळ ओतत राहिले.

मी ठरवलं होतं, की ही सगळी यंत्रणा उपटून टाकायची. पण दुसऱ्या दिवशी व्हॅनमधून वेल्लोरला जाताना मुलगी पुन्हा छताकडे बघत रडली. परत आल्यावर बायको म्हणाली, “बसव परत. पण या वेळी मी बघणार.”

अप्पांना मी विनवलं, तुम्हीच बसवा. त्यांनी नकार दिला. “गाडीत मी नसतो. तुम्ही असता. कुठे काय आहे ते तुमच्या हाताला माहीत पाहिजे.” ते पुन्हा खुर्ची टाकून बसले आणि मी पट्टी बांधलेल्या हाताने नवी वायर घातली. फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत. पत्र्याच्या भोकात रबरी बूच, त्यातून जाड नळी. त्यांनी मला फ्यूजच्या पुढे मुद्दाम वायर पत्र्याला टेकवायला लावली. फट्‌कन आवाज होऊन फ्यूज उडाला. “आता दुसरा घाला,” ते म्हणाले.

बायकोने पाना मागून घेतला आणि ती बॅटरीचा नट सोडवायला शिकली. नंतर आम्ही दोघांनी पार्किंगमध्येच मुलीला गाडीतून बाहेर काढायचा सराव केला. शहाळीवाल्या बाईने पाय कसे धरले होते ते बायकोने मला दाखवलं. तिसऱ्या खेपेला दोन मिनिटांच्या आत जमलं. मुलीला तो खेळ वाटला. बायको त्या सकाळी पहिल्यांदा माझ्याशी नेहमीसारखं बोलली, तेही “खांदा वर घे, अजून वर” एवढंच.

राहिलेल्या फेऱ्यांत काहीही झालं नाही. बाराव्या आठवड्यात प्लास्टर काढलं. आतून निघालेले पाय इतके बारीक आणि सुरकुतलेले होते, की मुलीने स्वतःच तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, सांधा जागेवर आहे, चालायला महिने लागतील.

येताना ती मागे टेकून बसली होती, बऱ्याच दिवसांनी बसली होती, आणि तिला टॅब्लेट नको होता. खिडकीतून दिसेल त्याचं नाव ती आईला विचारत होती, अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये. बायको उत्तरं देत होती. मी काच दोन बोटं खाली ठेवून वास घेत गाडी चालवत होतो. वाटेत जिथे जिथे थांबावं लागलं तिथे मी वाकून गालिच्याखालच्या वायरीवर हात ठेवला. ती दर वेळी गार लागली, आणि पुढे थांबलो की हात पुन्हा खाली जायचा.