मामांच्या हातातले तळवे

लेकराचा स्वभाव त्याच्या तळव्यांवरून आणि कानांवरून कळतो, यावर माझ्या बायकोच्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाही. तळवे गार ते लेकरू बुजरं, कान तापतात ते रागीट, आणि दोन्ही कोमट असतील तर ते मोठेपणी सरपंच. शिरड शहापूरहून एसटीने निघाले की हिंगोली येईपर्यंत गाडीतली निम्मी लेकरं त्यांनी तपासलेली असत. एकदा एका आईने ठणकावलं, "काका, लेकरू हाय, वांगं न्हाई चाचपायला." मामा शांतपणे म्हणाले, "तुमचेबी कान तापून राहिले, बाई." मामा चुकतही. शेजारच्या पोराला त्यांनी महारागीट ठरवलं, तर ते दुपारभर क्रिकेट खेळून आलेलं. "ऊन वजा करायचं राहिलं," एवढंच मामा म्हणाले.

गेल्या संक्रांतीला आमच्या चार वर्षांच्या मुलीचं बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने घालून तिला पाटावर बसवलं. डोक्यावरून ओतलेली बोरं आणि मुरमुरे लुटायला गल्लीतली पोरं टपलेलीच होती. मुलगी उठली आणि दाराआड गेली. मी तिला ओढत परत आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "काहून गं अशी भित्री तू?" खरं सांगतो, तेव्हा मला तिच्यापेक्षा पाहुण्यांची काळजी जास्त होती.

मामांनी तिचे तळवे धरले. "बर्फ हाय निसता. छाती बघा, पाखरावानी धडधडून राहिली. हे नाटक न्हाई, जावईबापू. लेकराला खरीच तकलीफ हाय."

"मग पाहुण्यांना काय सांगू, मामा?"

मामांनी माझा हात धरला, दाबून पाहिला आणि हळूच म्हणाले, "तुमचाबी तसाच हाय की."

पाटावर मग मीच बसलो, तिला मांडीवर घेऊन. बायका हसल्या. बोरं दोघांच्या डोक्यावर पडली. तिने आधी डोळे गच्च मिटले, आणि थोड्या वेळाने माझ्या खिशात पडलेलं एक बोर काढून खाल्लं.

आता साखरेच्या आजाराने मामांच्या बोटांना काही कळत नाही. चहा गरम की गार, तेही मामींना विचारावं लागतं. तरी आम्ही गेलो की ते मुलीचा तळवा हातात घेतात, बराच वेळ धरून बसतात आणि तिलाच विचारतात, "गार हाय का गं?"

परवा ती म्हणाली, "आधी होता, आजोबा. आता न्हाई."

मामांनी हात सोडला नाही.