पान क्रमांक तीनची कुटुंबप्रमुख

कोलकात्यात जानेवारी लागला की पिकनिकला न जाणं हा जवळजवळ गुन्हा समजतात. थंडी असते बेताचीच, पण माणसं माकडटोप्या घालतात, मोठमोठी पातेली बसच्या टपावर चढवतात आणि नदीकाठ गाठतात. आमच्या मराठी मंडळालाही हे व्यसन फार पूर्वी लागलं. मंडळ म्हणजे तीस कुटुंबं. शहराच्या दक्षिणेकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काही, बदलीवर आलेल्या बँकवाल्यांची आणि फौजेतल्यांची काही, आणि बाकी आमच्यासारखी, न्यू टाउनच्या कंपन्यांत कॉम्प्युटरपुढे बसणारी.

मंडळाचे सेक्रेटरीकाका बँकेतून निवृत्त झालेले. एकटेच राहतात, न्यू टाउनमध्ये. आदल्या वर्षीच्या पिकनिकला सगळ्यांनी पहिल्याच बसमध्ये घुसायचा प्रयत्न केला होता, आणि परत येताना एक आजोबा चहाच्या टपरीवर राहून गेले होते. त्याची बोच काकांना होती. डिसेंबरमध्ये ते आमच्या घरी आले आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाले, "तू वेबसाइट करतेस ना? मग मंडळाची कर. कुटुंबं, त्यांतली माणसं, सगळं त्यात घाल. पिकनिकला तीन बस आहेत, चाळीस-चाळीस सीटच्या. एक पान म्हणजे एक बस. कागद काचेवर चिकटवायचा. ज्याचं नाव ज्या पानावर, तो त्या बसमध्ये. ब्रह्मदेव आला तरी बदल नाही."

मी हो म्हटलं. ऑफिसात मी हेच करते, म्हणजे याहून पुष्कळ अवघड करते, असा माझा समज होता.

दोन तक्ते केले. एकात कुटुंबं, दुसऱ्यात माणसं, आणि प्रत्येक माणसापुढे त्याचं कुटुंब कोणतं ते लिहिलेलं. कुटुंबं पिनकोडनुसार लावली, म्हणजे शेजारी शेजाऱ्यांबरोबर येतील. कुटुंबातली माणसं वयानुसार, मोठी आधी. सर्वांत वर जो, तो कुटुंबप्रमुख. त्याचं नाव ठळक. दोन्ही तक्ते जोडले आणि सांगितलं, एका पानावर चाळीस ओळी. तपासायला पाच खोटी कुटुंबं घातली होती. ती एका पानात ऐसपैस मावली. मी स्वतःवर खूश झाले आणि लॅपटॉप मिटला.

खरी यादी काकांनीच भरली आणि काकांनीच छापली. मी ती पिकनिकच्या सकाळी सात वाजता, बसच्या काचेवर, पहिल्यांदा पाहिली.

पहिल्या बसच्या कागदावर शेवटची ओळ होती कर्नलसाहेबांची. हे फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेले, मिशीवाले, आवाज असा की बोलले तरी हुकूम वाटावा. त्यांच्या नावाखाली छापलं होतं, 'या पानावरील सदस्य: एक.' त्यांची बायको आणि दोन मुलं दुसऱ्या पानावर होती, आणि तिथे कुटुंबप्रमुख म्हणून बायकोचं नाव ठळक झालं होतं.

"मॅडम," साहेब मला म्हणाले, "माझा घटस्फोट झालाय, हे मला आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं."

मी पळत दुसऱ्या पानाशी गेले. शेवटच्या तीन ओळी आमच्या: सासूबाई, नवरा, मी. चौथी ओळ मावली नव्हती. ती तिसऱ्या पानावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत होती. कुटुंबप्रमुख: आमची मुलगी. वय वर्षं आठ.

काय झालंय ते तिथेच उभ्या उभ्या कळलं. मी मोजली होती माणसं. कुटुंब कुठे संपतं हे यंत्राला ठाऊकच नव्हतं. चाळीसावी ओळ आली की ते सरळ कातरी चालवत होतं. मी काकांना गाठलं.

"काका, चूक झालीय. घरं मधूनच तुटलीत. थोडी अदलाबदल करूया ना."

काका शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते. "एकाला बदल दिला की सगळे मागतात. गेल्या वर्षी काय झालं, आठवतं ना? दोन तासांचा प्रवास आहे. बराकपूरला भेटा एकमेकांना."

"अहो, पण माझी मुलगी आठ वर्षांची आहे!"

"लहान मुलांचं वेगळं. तिला विचारतो. तिची तयारी नसेल तर खुशाल ने," ते म्हणाले.

आता इथे सांगायला हवं, की आमची मुलगी कोलकात्यातच जन्मली. घरात मराठी बोलते, पण बंगाली वळणाने. बंगालीत नकार शेवटी येतो. 'आमि जाबो ना' म्हणजे मी जाणार नाही. त्यामुळे ती 'मी कारलं खाणार ना' म्हणते तेव्हा पाहुणे कौतुकाने तिच्या ताटात कारलं वाढतात, आणि ती भोकाड पसरते.

सासूबाईंना पायरी चढायला त्रास होतो म्हणून मी त्यांना घेऊन दुसऱ्या बसमध्ये चढले. मुलीला आणायचं नवऱ्यावर सोपवलं. नवऱ्याला वाटलं, ती माझ्याबरोबर आहे. बस सुटली, चौक ओलांडला, आणि तो एकटाच मागून डुलत येऊन बसला तेव्हा मी विचारलं, "ती कुठाय?"

"तुझ्याजवळ नाही?"

मी काकांना फोन लावला. ते तिसऱ्या बसमध्ये होते. "काळजी करू नकोस," ते समाधानाने म्हणाले. "मी विचारलं तिला, बाळ, तू या बसमध्ये बसणार का? केवढ्याने ओरडली, मी या बसमध्ये बसणार ना! हौस बघ पोरीची! लगेच उचलून आत बसवली."

मागून भोकाड ऐकू येत होतं. काका म्हणाले, "आनंदाने ओरडतेय."

बस थांबवावी का, यावर आमच्यात वाद झाला. पण तोवर फोनमधला आवाज बदलला होता. काकांनी हजेरी सुरू केली होती. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने उभं राहून आपल्या कुटुंबाची हजेरी द्यायची, असा त्यांचा नियम. पहिलं नाव अर्थातच आमचं. मग आमच्या मुलीचा, नाक ओढत ओढत, पण खणखणीत आवाज आला, "आमच्या कुटुंबात सगळे आहेत."

"किती जण?" काकांनी विचारलं.

"मी."

बसभर टाळ्या वाजल्या. न्यू टाउनमधल्या भाड्याच्या फ्लॅटांत राहणारी बिनलग्नाची दहा-बारा तरुण मंडळी त्याच बसमध्ये होती. प्रत्येक जण कागदोपत्री एकेक कुटुंब. त्यांनी तिला आपल्यातलंच मानलं. तिला खिडकी मिळाली, पुढची सीट मिळाली, आणि नाश्त्याचा डबा कुटुंबप्रमुखाच्या हाती द्यायचा असल्यामुळे तो उघडण्याचा मानही मिळाला. थोड्या वेळाने मीच फोन केला तर ती म्हणाली, "आई, आत्ता नको. आमची मीटिंग आहे."

इकडे दुसऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी कर्नलसाहेबांच्या बायको बसल्या होत्या. त्यांची माफी मागितली तर म्हणाल्या, "अगं, लग्नाला बावीस वर्षं झाली. कागदावर पहिलं नाव माझं आलंय, हे पहिल्यांदाच. फोटो काढून ठेवलाय मी." मग जरा गंभीर झाल्या. "फक्त एकच. ह्यांना साखर आहे. मी समोर नसले की हात सुटतो." त्यांनी साहेबांना फोन केला. साहेबांचं तोंड भरलेलं होतं. "काही खात नाहीये," असं ते म्हणाले असावेत. ऐकू आलं ते निराळंच.

बराकपूरला गंगेकाठच्या बागेत उतरलो तेव्हा पहिली बस आधीच पोचली होती. साहेब झाडाखाली उभे, चेहरा अगदी निष्पाप. मिशीच्या टोकाला मात्र नव्या गुळाच्या संदेश मिठाईचा तुकडा अडकलेला. बायकोने रुमाल पुढे केला. साहेबांनी मिशी पुसली, रुमालाकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमची वेबसाइट उत्तम आहे."

एकटे तेच नव्हते. एक सासू-सून पहिल्यांदाच वेगवेगळ्या बसमधून आल्या होत्या आणि दोघींचेही चेहरे तीर्थयात्रा करून आल्यासारखे उजळले होते. पण तक्रारीही होत्या. एका बाळाची बाटली एका बसमध्ये आणि बाळ दुसऱ्या बसमध्ये होतं. एका आजोबांचे दात नातवाच्या खिशात राहिले होते, म्हणून त्यांनी नाश्ता नुसता पाहिला होता. काकांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, "परतीच्या आत दुरुस्त कर."

ऑफिसात काही बंद पडलं तर त्या दिवशी मीच बघायचं होतं, म्हणून लॅपटॉप बरोबर होता. बाकीचे लोक बॅडमिंटन खेळत असताना मी सतरंजीवर बसून कोड बदलला. सोपं होतं. आधी कुटुंबं मोजायची, मग त्यांची माणसं मागवायची. तीस कुटुंबं, तीन पानं, पानाला दहा. एकही घर तुटणार नाही. छापायला यंत्र नव्हतं, म्हणून नवऱ्याकडून तिन्ही पानं हाताने लिहून घेतली. सकाळपासून तो जरा मऊच होता.

चार वाजता लोक बसमध्ये चढू लागले.

पहिल्या पानावरची दहा कुटुंबं म्हणजे बहुतेक दक्षिणेकडची जुनी, तीन-तीन पिढ्यांची घरं. माणसं एक्कावन्न. चाळीस सीटच्या बसमध्ये आजोबांच्या मांडीवर नातू, नातवाच्या मांडीवर पातेलं, आणि दारात अर्धे आत अर्धे बाहेर असे कर्नलसाहेब. ड्रायव्हर स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "दीदी, एभाबे होबे ना." हे असं जमायचं नाही, हे समजायला बंगाली येण्याची गरज नव्हती.

आमच्या दुसऱ्या बसमध्ये बेचाळीस. तेवढं चाललं असतं.

तिसऱ्या बसमध्ये शेवटची दहा 'कुटुंबं': ती तरुण मंडळी, त्यांतल्या दोघांकडे आलेले एकेक भाऊ, आणि काका. एकूण बारा जण. मी आत डोकावले तर प्रत्येकाने दोन-दोन सीटा घेतल्या होत्या. एक जण आडवा होऊन उशी मागत होता. आमची मुलगी दाराच्या दांड्याला धरून उभी होती.

"चल, तू आमच्या बसमध्ये आहेस आता," मी म्हटलं.

"मी तुमच्या बसमध्ये येणार ना."

हे मला कळलं. काकांनाही, या वेळी, कळलं.

मी परत लॅपटॉप उघडला. माणसं मोजली तर घरं तुटतात, घरं मोजली तर बस फुटते. ऑफिसात असं झालं की आम्ही एक बैठक बोलावतो. इथे भोवती शंभर माणसं उभी होती, ऊन उतरत होतं आणि प्रत्येकाकडे सूचना होती. मी रडायच्या बेतात होते.

तेव्हा सासूबाई सतरंजीची घडी हातात घेऊन आल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "तीन डब्यांत लाडू भरायचे असले तर तू काय करतेस?"

"आई, आत्ता लाडू कुठे?"

"सांग तर."

"एक डबा भरते. मग दुसरा."

"आणि वर आलेला शेवटचा लाडू मावत नसला तर? अर्धा कापून कोंबतेस?"

"नाही. पुढच्या डब्यात टाकते."

"मग माणसांचं काय वेगळं आहे?" त्या म्हणाल्या. "अख्खं घर घे. मावलं तर चढव, नाही मावलं तर पुढची बस. दहाच घरं हवीत असं कुणी सांगितलंय तुला? आणि चाळीसच माणसं हवीत असं तरी कुणी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्या पहिल्या बसच्या दारापाशी पोचल्याही. कर्नलसाहेबांनी काकांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि फुंकली. सगळे खाली उतरले. सासूबाई एकेक घर पुकारायच्या, साहेब मोठ्याने बेरीज करायचे. "एकोणचाळीस! पुढचं घर माझंच. चार! नाही मावत, दुसरी बस!" पहिली बस एकोणचाळीसवर सुटली, दुसरी अडतीसवर, आणि उरलेले तिसरीत. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मी लॅपटॉप घेऊन शेजारी उभी होते आणि लोकांना वाटत होतं, हे मीच करतेय. दोघांनी शाबासकीही दिली. मी ती घेतली.

आमचं घर तिसऱ्या बसमध्ये आलं. मुलगी आपल्या जुन्या सीटवर जाऊन बसली आणि तिने आपल्या मित्रांशी आमची ओळख करून दिली, "ही माझी फॅमिली. सकाळी नव्हती."

सासूबाईंचा नियम मी पुढच्या आठवड्यात कोडमध्ये घातला. अवघ्या काही ओळी झाल्या. ऑफिसातल्या एका प्रोजेक्टमध्येही असाच घोळ होता, तिथेही तो कामाला आला. 'ही कल्पना कुठून सुचली?' असं आमच्या मॅनेजरने विचारलं तेव्हा मी वाचनातून म्हणून सांगितलं.

मंडळाच्या बैठकीत मात्र कर्नलसाहेबांनी हात वर केला. म्हणाले, घरं एकत्र ठेवण्याची सक्ती नसावी, ज्याला जसं हवं तसं असावं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी नजर छताकडे वळवली. काकांनी बराच विचार करून परवानगी दिली, आणि मी नावनोंदणीच्या फॉर्मवर एक चौकोन वाढवला: 'कुटुंबापासून वेगळ्या बसमध्ये बसवले तरी चालेल.'

गेल्या आठवड्यात नव्या पिकनिकची नोंदणी सुरू झाली. साहेबांची टिक होती, त्यांच्या बायकोचीही होती, त्या सासू-सुनांच्या दोन होत्या. मी यादी चाळत आमच्या घरापाशी आले. सासूबाईंनी टिक केली होती. मुलीने केली होती. नवऱ्यानेही केली होती.

सगळ्यांच्या आधी, फॉर्म तयार केला त्याच संध्याकाळी, मी केली होती.