आतून तुटलेली तार

चिंचवड स्टेशनाजवळ कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हाचा तो मेकॅनिक. मी डॉक्टर, माझी जुनी मोटारसायकल तोच बघायचा. वायर तपासताना डोळे मिटून बोटांनी चाचपायचा आणि काम कितीही नेटकं झालं तरी "बघू, डाक्टर" एवढंच म्हणायचा.

एका दुपारी चाकणहून निरोप आला, बाई अडली आहे. निघालो, तर बॅटरी चार्जच होईना. गाडी वाटेतच बंद पडली असती. मी तशीच त्याच्याकडे नेली.

बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोची वायर चाचपताना तो एका जागी थांबला. वरचं वेष्टण शाबूत होतं, आतली तार तुटली होती.

"परवा मीच बसवली ही. लई ताणली गेली माझ्याकडनं."

त्यानं सांगितलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं. पण त्या बाईच्या काळजीत रागावायचंही सुचेना.

वायर बदलून तो मागे बसला. "बंद पडली तर ढकलाया मी हाय."

गाडी वाटेत कुठे बंद पडली नाही. चाकणला बाई सुखरूप मोकळी झाली. मी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा तो गाडीपाशी खाली बसला. डोळे मिटून ती नवी वायर पुन्हा एकदा चाचपू लागला.