हळदीला अडवलेल्या काकू

कॅरी गावी माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं चर्चमध्ये लग्न होतं. आदल्या दिवशी घरी हळद होती. पांढऱ्या केसांच्या एक अनोळखी काकू हळद लावायला पुढे झाल्या, तशी नवरीच्या आत्याने त्यांना अडवलं.

"विधवांनी लावायची नाही. आपली रीत आहे."

काकूंनी पर्समधून बायबल काढून तिच्यापुढे धरलं. "यात कुठे लिहिलंय, दाखव. नसेल, तर ती रीत माणसांची. मी देवाचं ऐकते."

काकूंनी नवरीचे दोन्ही गाल हळदीने माखले.

माझा नवरा गेल्यापासून अशा वेळी मी मागेच उभी राहते. काकूंनी ते बरोबर ओळखलं. "तू गं? ये की पुढे!"

मी गेले आणि आत्यासमोरच नवरीला हात भरून हळद लावली.