अंगण वाकडंच होतं

गिरणीत, छापखान्यात, जिथे म्हणून अवजड यंत्र बसवायचं असेल तिथे पस्तीस वर्षं ते यंत्र समपातळीत आणायला खाली पाचरी ठोकत आले, म्हणून सगळे त्यांना पाचरमामा म्हणत. नोकरी संपली तरी डोळ्याची खोड गेली नाही. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टेबलाचे पाय बघायचे. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्या दिवशी बहिणीकडे गेले तेव्हा मात्र तो थेट डोक्यात गेला. त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईला, तिच्याच मुलाने एकटीने घराबाहेर पडायला बंदी केली होती. का, तर तिच्या आखडलेल्या गुडघ्यांसाठी मागच्या अंगणात बसवलेल्या गरम पाण्याच्या टबात ती दोनदा घसरली आणि नाकातोंडात पाणी गेलं. आईचा तोल जातो, असं मुलाने ठरवून टाकलं. डॉक्टरांकडून चक्करेवरच्या गोळ्या आणल्या. रोज सकाळी चालत वाचनालयात जाणारी ताई आता खिडकीपाशी बसून असे.

"टब वाकडा आहे, असं सांगितलं रे मी," ताई म्हणाली. "तर मलाच म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं."

मामा ताडकन उठले आणि मागच्या अंगणात गेले. भरलेल्या टबात पाणी एका बाजूला काठापासून दोन बोटं खाली होतं, समोरच्या बाजूला चार. आणखी काय बघायचं? तरी गुडघे टेकून त्यांनी खाली डोकावलं. भुसभुशीत भरावावर चार फरश्या टाकलेल्या, आणि खचलेल्या कोपऱ्याखाली फरशीचे तुकडे कोंबलेले. टब यांनी वाकडा बसवायचा आणि बोल म्हातारीच्या पायांना लावायचा!

"मामा, टब बसवायला कंपनीची माणसं होती ती," मागोमाग आलेला भाचा म्हणाला. "त्यांना कळत नसेल का?"

"कळतं की! म्हणूनच तुझी सही घेऊन पळाले. तू बस बरं आत."

"मी?"

"कपड्यांसकट बस."

भाचा नाइलाजाने उतरला, बैठकीवर टेकला आणि सुर्रकन हनुवटीपर्यंत पाण्यात गेला. "ओलं असतं हो मामा, कुणीही घसरेल," तो फुरफुरत म्हणाला.

"अस्सं? मग तुलाही आणू का गोळ्या?"

भाच्याचं म्हणणं, आणखी दोन तुकडे सारा आणि मोकळे व्हा. मामा कडाडले, "अरे, पाण्यासकट दोन टन वजन आहे याचं! तुकड्यांवर तोललंस तर बूड तडकेल." त्यांनी वीज बंद केली, टब रिकामा केला. मग लाकडी फळीवर जॅक लावला. बोटभर उचलायचं, ठोकळा सारायचा, पुन्हा बोटभर. भाच्याने एकदा खाली हात घातला तेव्हा मामांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कोपऱ्यातली माती उकरून काढली, खडी ओतली आणि धुम्मसाने ठोकून घट्ट केली. प्रत्येक ठोक्याला मामा कंपनीच्या माणसांना शिव्या घालत होते, आणि मधूनच भाच्याकडेही बघत होते. चार तासांनी टब खाली टेकला. पातळी बघायच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी टब पुन्हा भरला. चारी बाजूंना बरोबर तीन बोटं.

दुसऱ्या दिवशी पाणी तापल्यावर ताई उतरली. काठ धरून बसली, मग काठ सोडला. घसरली नाही. किती दिवसांनी तिने पाठ टेकून डोळे मिटले.

"बघ आई!" भाचा खुश होऊन म्हणाला. "गोळ्यांचा गुण आला की नाही?"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

ताईने डोळे उघडले. "म्हणजे आता मी वाचनालयात एकटी जाऊ ना?"

"एवढ्यात नको गं. डॉक्टरांना विचारू आधी."

ताई पाण्यातून उठली, आत जाऊन कपडे बदलले, चपला घातल्या आणि चालायला लागली. "अगं, कुठे निघालीस?" करत भाचा मागे धावला, तोवर मामा दारात आडवे उभे राहिले.

"बाजूला व्हा मामा, पडेल ती!"

"तुझ्या आईचं काय कमी-जास्त असेल ते खुशाल सांग मला," मामा म्हणाले. "पण आधी मी टब मोजला तसं मोजून ये."

ताई वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तरी ते दारातून हलले नाहीत.