रुखवतातलं तोरण

डांबरगोळीचा वास आला की मला दोंडाईच्याची काकू आणि तिची लोकरीची पेटी आठवते आणि तोंड कडू होतं. "ये, तुला विणकाम, क्रोशा शिकवते," असं गोड बोलून तिनं सुट्टीभर माझ्याकडून तिच्या लेकीचं, ताईचं रुखवत विणून घेतलं. लग्नात मात्र मिरवत होती, "बठ्ठं मनी पोरनं काम शे!" सगळं म्हणे तिच्या लेकीनंच केलेलं! मी नऊ वर्षांची. चिडून मी तोरणाची शेवटची गाठ गुपचूप सोडली. विहीणबाईंनी कौतुकानं ते उचललं, तर हातातच उसवत गेलं. त्या म्हणाल्या, "पोर बी अशीच शे का?" निर्लज्ज काकू हसली, रडली ती ताई. सासरी तिनं तो टोमणा वर्षानुवर्षं ऐकला. ती अजून म्हणते, "उंदरानं कुरतडलं असेल." आणि मी हो म्हणते.